उलट्या बाजूचा पासंग

तराजू दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात फार शांतता असते. लोहाराकडे घण असतो, सुताराकडे करवत असते, शिंप्याकडे निदान मशीन तरी खडखडत असतं. काटेवाल्यांच्या दुकानात आवाज झालाच तर दांडीला लटकलेल्या साखळ्यांचा, आणि तोही कुणी दार उघडून वारा आत घेतला तर. मग काटेवाले मान वर न करता म्हणायचे, "दार लावा आधी. वाऱ्याचं वजनही गिऱ्हाइकाच्या माथी मारायचंय का?" आलेला माणूस हसत हसत दार लावायचा, साखळ्या गप्प व्हायच्या, आणि काटा डुलत डुलत पुन्हा मध्यावर येऊन थांबायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला फळी, फळीवर पितळेची वजनं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एखाद्या कुटुंबासारखी उभी. खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर तेलाची कुपी, बारीक कानस, एक भिंग. मागच्या दाराला पडदा आणि पडद्याच्या पलीकडे स्वयंपाकघर. काटेवाले त्या टेबलाशी बसून आयुष्यभर एकच काम करत आले, दोन्ही बाजू सारख्या करायचं.

तराजू तपासायची त्यांची रीत साधी होती. आधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून बघायची. मग वजन टाकून बघायची. आणि मग, ज्यावर त्यांचा सगळा भरवसा होता ते, पारडी आपसांत बदलून बघायची. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. तराजू खरा असेल तर त्याला काही फरक पडत नाही. खोटा असेल तर तिथे उघडा पडतो. एखाद्या पारड्याखाली मेणाचा किंवा शिशाचा तुकडा चिकटवलेला सापडायचा. त्याला पासंग म्हणतात. दुकानदार ओशाळून इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "पोरांनी लावला असेल हो." काटेवाले म्हणायचे, "हुशार आहेत पोरं. बरोबर तुमच्याच बाजूला लावलाय."

क्वचित उलटंही व्हायचं. कोपऱ्यावरचा एक वाणी होता, बिचारा फार पापभीरू. आपल्याला कुणी लबाड म्हणेल या धास्तीने त्याने पासंग गिऱ्हाइकाच्या फायद्याचा लावून ठेवला होता. काटेवाल्यांनी तो तुकडा नखाने काढून त्याच्या हातावर ठेवला. "शेठ, हाही तराजू खोटाच."

"अहो, पण मी तर माझंच नुकसान करून घेत होतो!"

"असेल. पण खोटा तो खोटाच. उलट्या बाजूने खोटा, एवढंच."

वाणी दुखावला होता. काटेवाल्यांना मात्र आपलं वाक्य फार आवडलं. पुढे कितीतरी जणांना त्यांनी ते ऐकवलं. ते वाक्य आपल्याच घरी येऊन बसेल, हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं.

आठवडाभर तराजू आणि सुट्टीच्या दिवशी शिट्टी, असे दोन संसार त्यांनी केले. शिट्टी त्यांना दिली एका न्हाव्याने. तो न्हावी त्या भागातला जुना पंच होता. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून ठेवायचा आणि वस्तरा हवेत धरून फुटबॉलचे नियम सांगत बसायचा. साबण वाळून जायचा, पण उठून जायची कुणाची छाती व्हायची नाही. काटेवाले तेव्हा पंचविशीच्या आतले होते. ते दाढी करायची नसतानाही जाऊन बसायचे.

न्हावी सांगायचा, "फार पूर्वी, लेका, या खेळात पेनल्टीच नव्हती. का? तर सभ्य माणूस समोरच्याला मुद्दाम पाडणारच नाही, असं धरून चाललेले. मग कळलं की सभ्य माणूसही गोल वाचवायला वाटेल ते करतो. तेव्हापासून नियम माणसाच्या मागे धावतोय, आणि माणूस चार पावलं पुढेच."

त्या न्हाव्याच्या उमेदीच्या दिवसांत कार्डं नव्हती. पंच तोंडानेच ताकीद द्यायचा, बोट दाखवून बाहेर काढायचा. कधी कधी खेळाडूला आपल्याला हाकललंय हे कळायचंच नाही, तो बापडा खेळतच राहायचा. म्हणून पुढे पिवळं आणि लाल कार्ड आलं. भाषा कुठलीही असो, रंग सगळ्यांना कळतो. मोठ्या जगात ती आली आणि बऱ्याच उशिराने या भागातल्या मैदानावर पोचली. पहिली कार्डं काटेवाल्यांनी स्वतः कापली होती, जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याला रंग देऊन. लाल रंग ओला राहिला आणि खिशाला लागला. बायकोने शर्ट बघून किंकाळी फोडली होती.

पण काटेवाल्यांना खरं कोडं पडायचं ते मनाचं. तेव्हाच्या नियमात लिहिलेलं असायचं की फाउल मुद्दाम केलेला पाहिजे. म्हणजे पंचाने माणसाच्या मनात शिरून बघायचं, पाय चुकून लागला की ठरवून लावला. "हे मला जमत नाही," ते न्हाव्याला म्हणायचे. "माझ्या तराजूला मन नसतं. म्हणून तर तो बरा."

हळूहळू नियमही त्यांच्या बाजूने सरकत आला. आधी असं आलं की समोरचा गोल करायच्या बेतात असताना त्याला कुणी पाडलं, तर पाडणाऱ्याला थेट बाहेर काढा. पूर्वी लोक ठरवून पाडायचे, एक फ्री किक द्यायचे आणि गालात हसायचे. ते हसणं बंद झालं. मग थोड्या वर्षांनी तो "मुद्दाम" शब्दच पुसून टाकला. मन बघू नका, पाय बघा. बेपर्वाईने गेला तर फाउल. काटेवाले खूश झाले. न्हावी मात्र वस्तरा पुसत म्हणाला, "सोपं झालं खरं. पण लेका, सोपं झालेलं काम माणूस डोळे मिटून करतो." तेव्हा काटेवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आता धाकट्याचं सांगायला हवं.

काटेवाल्यांना एकच भाऊ, वयाने बराच धाकटा, अंगाखांद्यावर खेळवलेला. सगळे त्याला डिंक म्हणायचे. चेंडू त्याच्या हाताला लागला की चिकटला. तो गोलकीपर होता आणि असा गोलकीपर त्या भागाने आधी बघितला नव्हता. झेप घ्यायचा तेव्हा बाकीचे अजून विचार करत असायचे. काटेवाल्यांची बायको त्याला ताट वाढताना म्हणायची, "भावोजी, बशी फेकू का? झेलाल?" आणि तो म्हणायचा, "फेका वहिनी, पण भाजीसकट फेकू नका."

त्या भागातल्या सामन्यांना एक रीत होती. पंचाचं कुणी नात्यातलं एखाद्या संघात असलं, तर पंच सामन्याआधी तळहातावर शिट्टी ठेवून उभा राहायचा. दोन्ही संघांचे कप्तान पुढे यायचे. शिट्टीला बोट लावलं म्हणजे हा पंच आम्हाला मान्य. नाही लावलं तर दुसरा पंच बघायचा, त्यात कुणी राग मानायचा नाही. बाकीच्या पंचांसमोर कप्तान कधी ना कधी बोट आखडून घ्यायचे. काटेवाल्यांच्या शिट्टीला बोट लागलं नाही असं कधी झालं नव्हतं. डिंक गोलमध्ये उभा असला तरी समोरचा कप्तान हसत यायचा. "काटेवाले, तुमचं काय विचारायचं!" या एका गोष्टीचा त्यांना एवढा अभिमान होता, की तो त्यांनी बोलूनही दाखवला नव्हता. मोठा अभिमान माणूस असाच ठेवतो, आतल्या खिशात.

कारखान्यांच्या चषकाचा उपांत्य सामना होता. डिंक बर्फाच्या कारखान्याकडून खेळत होता, समोर गिरणीचा संघ. अंतिम सामना बघायला बंदराच्या शहरातल्या मोठ्या क्लबचा माणूस येणार होता आणि तो डिंकासाठीच येणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी निघताना धाकट्याने थोरल्याला वाकून नमस्कार केला होता. काटेवाले म्हणाले होते, "मैदानात मी तुझा कुणी नाही हां." "माहीत आहे, दादा," तो म्हणाला. "घरीसुद्धा तू पंचच असतोस."

सामना संपत आलेला, बरोबरी. गिरणीचा एक लांबलचक पायांचा फॉरवर्ड, सगळे त्याला ढेंग्या म्हणायचे, तो सुटला. डिंक गोल सोडून पुढे आला आणि चेंडूवर झेपावला. ढेंग्याने त्याच्या आधी चेंडू ढकलला आणि मग डिंकाच्या हाताला अडखळून पडला. पेनल्टी होती. त्यात शंका नव्हती, आणि काटेवाल्यांनी शिट्टी वाजवलीही.

पण चेंडू कुठे गेला, हे काटेवाल्यांनी बघितलं होतं. ढेंग्याने तो जरा जास्तच जोरात ढकलला होता. चेंडू गोलकडे नव्हताच चालला. तो तिरपा, कोपऱ्यातल्या झेंड्याकडे निघाला होता, आणि बर्फवाल्यांचा डावा बॅक त्याच्याकडे धावत होता. गोल व्हायची उघड संधी म्हणतात ती तिथे राहिलीच नव्हती. पेनल्टी द्यायची, फार तर पिवळं दाखवायचं. नियमाने तेवढी वाट ठेवलेली होती.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भाऊ आहे! सोडणार बघ आता!"

आणि काटेवाल्यांचा हात खिशात गेला. कुठल्या खिशात, ते हाताला आधीच माहीत होतं.

लाल कार्ड बघून गिरणीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा रे काटेवाले! सख्खा भाऊ असून!" डिंक गुडघ्यावर होता. तो वाद घालायला आला नाही. त्याने फक्त चेंडू गेला त्या दिशेला एकदा बघितलं, एकदा भावाकडे बघितलं, हातमोजे काढले आणि ते राखीव गोलकीपरच्या हातात देऊन तो चालू लागला. राखीव गोलकीपरने पेनल्टी अडवली. बर्फवाले जिंकले. अंतिम सामन्याला डिंकावर बंदी होती, म्हणून राखीवच उभा राहिला, छान खेळला, आणि बंदराच्या शहराचा माणूस आलाच होता तर त्याला घेऊन गेला.

एका गुन्ह्याला तीन शिक्षा, असं तेव्हा लोक म्हणायचे. पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याला बंदी. त्या दिवशी घरी जेवताना बायकोने विचारलं, "अहो, एवढं करायलाच हवं होतं का?" काटेवाले घास न थांबवता म्हणाले, "नियम आहे." धाकटा समोरच बसला होता. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. "दादा, पाणी घे."

त्यानंतर त्याने मैदानात पाऊल ठेवलं नाही. बर्फाच्या कारखान्यात मात्र तो राहिला, खेळाडू म्हणून नव्हे, कामगार म्हणून. जे हात चेंडू झेलायचे ते लोखंडी चिमट्याने लाद्या ओढू लागले. बर्फ गोठवायच्या मिठाच्या पाण्याने बोटांना चिरा पडल्या. त्याचं लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे त्याने बिऱ्हाड केलं, मुलगी झाली. थोरल्याशी तो कधी अबोला धरून राहिला नाही. उलट दर उन्हाळ्यात पोत्यात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा घेऊन दारात यायचा आणि बाहेरूनच हाक मारायचा, "दादा, बर्फ!" घरात फ्रिज आला तरी बर्फ येत राहिला. वहिनी पातेलं घेऊन यायची, दोघं दीर-भावजय एकमेकांची चेष्टा करायचे. पाऊसपाणी, नातेवाईक, गुडघेदुखी, सगळ्यावर बोलणं व्हायचं. फुटबॉलवर नाही. कुणी विषय काढलाच तर धाकटा उठायचा. "चला, लादी वितळेल."

काटेवाल्यांना हा अबोला नसलेला अबोला आत कुठेतरी खुपत राहिला. दांडी ज्या धारेवर तोललेली असते ती धार झिजली की तराजू वरून धडधाकट दिसतो, पण काटा मध्यावर यायला उशीर लावतो. तसं त्या घराचं झालं होतं.

मग धाकट्याची मुलगी मोठी झाली आणि एक दिवस तिने जाहीर केलं की तिला पंच व्हायचंय. बापाने एवढंच विचारलं, "दुसरं काही सापडलं नाही?" आईने कपाळाला हात लावला. ती सरळ काकांकडे आली. काटेवाल्यांनी तोवर शिट्टी ठेवून दिली होती, पण नव्या पंचांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. पोरगी बापासारखीच चपळ होती आणि जीभ त्याच्याहून. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काका, शिट्टी वाजवायला शिकवणार की नुसतं वजन करायला?"

त्याच सुमारास नियम पुन्हा बदलला. गोलच्या चौकोनात गोलकीपर किंवा बचावाचा खेळाडू खरोखर चेंडूसाठी गेला असेल आणि माणूस पडला असेल, तर पेनल्टी द्यायची आणि पिवळं कार्ड. बाहेर काढायचं नाही. मुद्दाम धरलं, ओढलं, चेंडूशी काही संबंधच नव्हता, तरच लाल. म्हणजे इतकी वर्षं बाहेर काढलेलं मन नियमाने पुन्हा आत घेतलं. एका गुन्ह्याला तीन शिक्षा जास्त होतात, हे मान्य झालं.

काटेवाल्यांनी तो बदल वाचला आणि भिंग बाजूला ठेवलं. छातीवरचं काहीतरी उचलल्यासारखं वाटलं त्यांना. धाकटा चेंडूसाठीच झेपावला होता, सगळ्या मैदानाने बघितलं होतं. आजच्या नियमाने तो आत राहिला असता. म्हणजे चूक नियमाची होती! हे धाकट्याला सांगायचं. एकदा सांगितलं की तो विषय उघडेल, आणि उघडला की संपेल. मग दोघं ओट्यावर बसून मैदानातल्या जुन्या गमती बोलतील. या एका आशेवर ते कितीतरी दिवस मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिले. चेंडू कुठे चालला होता, ते वाक्य मात्र त्या जुळवाजुळवीत कुठेच येत नव्हतं. ते त्यांनी इतक्या खाली पुरलं होतं की त्यावर आता गवत उगवलं होतं.

उन्हाळ्यातली दुपार होती. पुतणी टेबलाशी बसली होती, तिची परीक्षा जवळ आलेली. काटेवाल्यांनी फळीवरून वजनं काढली. "हा दोन किलोचा गोलकीपर."

"जाडा आहे, काका. झेपणार कसा?"

"गप बस. हा एक किलोचा, फॉरवर्ड. आणि हे बारकं पन्नास ग्रॅमचं, चेंडू. तेलाची कुपी म्हणजे कोपऱ्यातला झेंडा."

ते समजावून सांगत होते तेवढ्यात दारात चिमट्याचा आवाज झाला. "दादा, बर्फ! वहिनी, पातेलं आणा, माझ्या बोटांचा बर्फ व्हायच्या आत!"

पोरगी पटकन म्हणाली, "बाबा, आत या ना. काका नवा नियम सांगतायत." ती हे जाणून बोलली की सहज, कोण जाणे. बाप उंबऱ्यात थांबला. निघून गेला नाही. बर्फ दाराशी टेकवून, ओले हात शर्टाला पुसत तो टेबलापाशी आला.

 काटेवाल्यांची जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली, एकच उरलं. "अरे, नियम बदललाय. गोलकीपर चेंडूसाठी गेला असेल तर आता पिवळंच. तू... तू तर चेंडूसाठीच गेला होतास. आज असता तर आत राहिला असतास. चूक नियमाची होती रे. आता त्यांनीच कबूल केलीय."

धाकटा टेबलाकडे बघत राहिला. दोन किलोचा गोलकीपर, एक किलोचा फॉरवर्ड, आणि चेंडू अगदी गोलच्या समोर. मग त्याने चिरा पडलेलं एक बोट पुढे केलं आणि ते पन्नास ग्रॅमचं वजन सरकवत सरकवत तेलाच्या कुपीजवळ नेऊन ठेवलं.

"चेंडू तिथे नव्हता, दादा. इथे होता."

फळीवरचं अजून एक वजन घेऊन त्याने कुपीच्या वाटेवर ठेवलं. "आणि हा आमचा डावा बॅक." मग मुलीकडे वळला. "सांग गं. जुन्या नियमाने लाल बसतं?"

पोरीने वजनांकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "चेंडू गोलकडे चाललेला पाहिजे."

"मी तेव्हाच विचारून घेतलं होतं," धाकटा म्हणाला. "न्हाव्याकडे गेलो होतो. त्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून मला समजावलं."

"मग मला का नाही बोललास?"

"काय बोलणार? तू लांब होतास, धावत होतास, मध्ये माणसं होती. मी म्हटलं, दादाला दिसलं नसेल. दिसलंच नाही तर माणूस काय करणार? हे मनाशी धरलं म्हणून तर या दारात येऊ शकलो. नाहीतर आलो असतो का?"  मग अगदी साध्या आवाजात, पाणी मागावं तसं त्याने विचारलं, "नव्हतं ना दिसलं?"

पडद्याशी बायको पातेलं घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यात सगळं आलं. नाही म्हणा. एक शब्द आहे, म्हणून टाका, घर शाबूत राहील.

काटेवाल्यांनाही तो शब्द दिसत होता. जिभेवरच होता. पण समोर पोरगी बसली होती, उद्या शिट्टी घेऊन उभी राहणारी, आणि टेबलावर चेंडू त्याच्या खऱ्या जागी ठेवलेला होता. आयुष्यभर ज्या हातांनी लोकांचे पासंग काढून दाखवले, त्या हातांनी ते वजन जागचं हलवलं नाही.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

धाकट्याने हात टेबलावरून मागे घेतला.

"लोक ओरडले. भाऊ आहे म्हणून सोडेल, असं ओरडले. मला ते... ते नको होतं."

"माझ्या जागी गिरणीचा गोलकीपर असता तर?" धाकट्याने विचारलं. "पारडी बदलून बघ की, दादा. तूच शिकवतोस ना सगळ्यांना."

"पिवळं दिलं असतं."

"हं." धाकट्याने मान हलवली, एखाद्या जुन्या दुखण्याचं नाव डॉक्टरांनी सांगावं तशी. त्याने आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. चिमटा उचलला. "वहिनी, वितळतोय तो. घ्या आत." आणि तो गेला.

 पोरीने एकेक वजन उचलून फळीवर त्याच्या त्याच्या जागी ठेवलं. जाताना म्हणाली, "काका, बाबा मला एकदाही मैदानावर घेऊन गेले नाहीत. सगळ्यांचे बाप न्यायचे." 

परीक्षा ती पास झाली. तिचे सामने सुरू झाले आणि तिचं नाव व्हायला लागलं. पुढच्या हंगामात बर्फाच्या कारखान्याचा सामना तिच्याकडे आला. बाप तिथलाच कामगार, म्हणून रीतीप्रमाणे ती तळहातावर शिट्टी घेऊन उभी राहिली. दोन्ही कप्तान हसत पुढे आले, दोघांनीही बोट पुढे केलं. आणि तिने मूठ मिटली. "तुम्हाला चालेल. मला नाही चालणार. दुसरा पंच बघा." लोक कुजबुजले. कुणीतरी म्हणालं, "काटेवाल्यांची पुतणी तू! तुझ्यावर कोण संशय घेणार?" ती म्हणाली, "काटेवालेसुद्धा स्वतःच्या दुकानातल्या तराजूवर स्वतः खरेपणाचा शिक्का मारत नाहीत. सरकारी माणूस येतो त्याला."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत दुकानात पोचली. सांगणारा हसत होता. काटेवाले तेव्हा एका दांडीला तेल देत होते. त्यांनी ऐकून घेतलं. ज्या गोष्टीचा आपल्याला आयुष्यभर अभिमान वाटला, सगळी बोटं शिट्टीला लागायची त्याचा, तिथेच तो पासंगाचा तुकडा चिकटलेला होता. पोरीने तो पहिल्याच फटक्यात नखाने काढून टाकला होता. तो वाणी आठवला त्यांना, पापभीरू. त्याचं दुकान बंद होऊनही जमाना झाला होता. नाहीतर ते जाऊन त्याच्यासमोर क्षणभर उभे राहिले असते.

उन्हाळा पुन्हा आला. काटेवाल्यांना वाटलं होतं, आता बर्फ येणार नाही. पण आला. एका दुपारी दाराबाहेर चिमट्याचा ओळखीचा खणखणाट झाला. कानस हातात तशीच राहिली. ते हाकेची वाट बघत बसले. बायकोही पडद्याशी येऊन थबकली, रिकामं पातेलं घेऊन.

हाक आली नाही.

थोड्या वेळाने काटेवाले गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी दार उघडलं. उंबऱ्यावर पोत्यात गुंडाळलेला बर्फ होता, नेहमीपेक्षा लहान नाही, मोठा नाही. गल्लीच्या वळणापर्यंत पाण्याच्या थेंबांची एक ओळ गेली होती आणि उन्हात ती टोकाकडून वाळत येत होती. मागे दुकानात वारा शिरला होता. साखळ्या वाजत होत्या. त्यांना दार लावायचं भान राहिलं नाही.